म्हण म्हणजे निदान नव्हे

एखादे प्रकरण चौकशीवाचून मिटवावयाचे असले, म्हणजे त्यावर ‘दप्तरदाखल’ असा शेरा मारून ते रुमालात बांधून ठेवण्याची कचेरीतील रीत जुनी आहे. आपल्या घरांतून वृद्धांच्या बुद्धीसंबंधी हाच शेरा एका म्हणीच्या द्वारे मारला जातो. ‘साठी बुद्धी नाठी’ असे कोणी एकदा म्हणाले, की आबा तोच प्रश्न घटकेत पाच वेळा का विचारतात, किंवा जन्मभर सुगरण म्हणून नावाजलेल्या आक्कांच्या आमटीत मीठ दोनदा का पडते, याची चौकशी करण्याचे कोणालाच कारण उरत नाही. म्हणणारा मोकळा, ऐकणारा मोकळा, आणि ज्याचे प्रकरण आहे तो मात्र कायमचा अडकलेला. या शेऱ्याविरुद्ध तक्रार गुदरावी आणि प्रकरण पुनश्च चौकशीस घ्यावे, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच आहे.

कोल्हापुरातील कसबा बावड्याच्या एका गल्लीत, साखर कारखान्यात उभी हयात काढलेले एक आबा राहतात. निवृत्तीला वीस वर्षे लोटली. तरी गळीत हंगामात भोंगा झाला, की ते उठतात, सदऱ्यावर कोट चढवतात, खुंटीवरची टोपी घेतात आणि डबा मागतात. मुलगा प्रथम त्यांना उंबऱ्यातच अडवी, ‘आबा, तुम्ही रिटायर झालाय न्हवं? किती येळा सांगायचं?’ असे ओरडे, आणि त्याचे पर्यवसान आबांनी हातातील काठी उगारण्यात होई. एका तिन्हीसांजेला ते राजाराम बंधाऱ्याच्या वाटेवर सापडले; कोणा ओळखीच्या गृहस्थाने मोटारसायकलवर बसवून त्यांना घरी पोचवले. त्यानंतर सुनेने वाद घालणे सोडून दिले. भोंगा झाला, की ती चहाचा कप पुढे करते आणि म्हणते, ‘मामा, आज तुमच्या जागी बदली माणूस लावलाय. मुकादमाचा निरोप हाय.’ आबा क्षणभर विचार करतात, ‘बरं झालं, माझा गुडघाबी दुखतोय,’ असे पुटपुटतात आणि कोट काढून खुंटीला लावतात. हे असत्य भाषण नव्हे काय, असे एका सत्यनिष्ठ शेजाऱ्याने मला विचारले. परंतु आबांचा प्रश्न मुळी आजची तारीख कोणती हा नसतो. आपल्यावाचून काम खोळंबेल, या धास्तीने ते उठतात, आणि सून त्या धास्तीला उत्तर देते. शुश्रूषेचे हे तत्त्व तिने कोणत्याही ग्रंथात वाचलेले नव्हते.

आता पूर्वपक्षाकडे वळू. पहिला आक्षेप वयाचा: म्हातारपणी बुद्धी जायचीच, त्यात रोग तो कसला? या आक्षेपास पहिले उत्तर इतिहासच देतो. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाची जी स्त्री दाखल झाली, आणि १९०६ साली ती वारल्यावर जिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी त्यातील विलक्षण पुटे आणि तंतूंच्या गाठी विद्वानांपुढे मांडल्या, ती दाखल होतेवेळी अवघ्या ५१ वर्षांची होती. साठी तिने पाहिलीही नव्हती. दुसरे उत्तर अंकांचे. देशव्यापी पाहणीवर आधारलेला आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की भारतात साठ वर्षे व त्यावरील शेकडा ७.४ लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. ही संख्या लहान नव्हे. पण तीच उलट बाजूने वाचली, तर शंभरातील ब्याण्णव जणांची बुद्धी साठीनंतरही शाबूत आहे, असे म्हणावे लागते. वयाने या रोगाचा धोका वाढतो हे निर्विवाद. परंतु धोका वाढणे निराळे आणि वय हाच रोग ठरवणे निराळे. मंडईत गेल्यावर कोथिंबीर घ्यायची विसरणे हे वय झाले. चाळीस वर्षांच्या पायाखालच्या वाटेने मंडईतून घरी येता न येणे, हे वय नव्हे.

शिवाय ‘स्मृतिभ्रंश’ हे एका रोगाचे नाव नसून, ‘ताप’ या शब्दासारखे ते लक्षणसमूहाचे नाव आहे. अल्झायमरचा रोग हे त्याचे सर्वांत मोठे कारण; रक्तदाब व मधुमेह यांनी मेंदूच्या वाहिन्या चोंदून होणारा दुसरा प्रकार; ज्यात नसलेली माणसे दिसू लागतात असा तिसरा; आणि स्मृती बरीच शाबूत असता आधी स्वभावच पालटतो असा चौथा. याहून महत्त्वाचे हे, की स्मृतिभ्रंशाचे सोंग घेऊन येणारे कित्येक विकार उपचाराने सुधारणारे असतात. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉईडची मंदता, मनाची दीर्घ खिन्नता, न्हाणीत घसरून पडल्यावर आठवड्यांनी मेंदूभोवती साकळलेले रक्त, झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक, ही त्यांतील ठळक कारणे होत. आणि कालपर्यंत धड असलेला म्हातारा जर आज एकाएकी बरळू लागला, तर ती लघवीच्या मार्गातील किंवा छातीतील जंतुसंसर्गाची खूण असू शकते, आणि तेथे दिवस नव्हे, तास मोजावे लागतात. या सर्वांना एकच म्हण लावणारा गृहस्थ न सुधारणाऱ्याबरोबर सुधारणाऱ्यालाही दप्तरदाखल करतो. माझ्या मते म्हणीवरील सर्वांत गंभीर आरोप तो हाच.

दुसरा आक्षेप नाटकाचा. ‘सकाळी जेवलेलं आठवत नाही म्हणे, अन् खासबागेतल्या पन्नास वर्षांपूर्वीच्या कुस्तीत कुणी कुणाला चितपट केलं ते बरोबर सांगतो! हे सोंग नव्हे तर काय?’ नव्हे; नेमके हेच रोगाचे लक्षण आहे. अल्झायमरच्या रोगात मेंदूच्या ज्या भागात नव्या अनुभवाची नोंद होते, तो भाग आरंभीच बाधित होतो. कचेरीच्याच भाषेत बोलायचे, तर बारनिशी बंद पडलेली असते. नवा कागद येतो पण नोंदला जात नाही, आणि आतल्या कोठडीतील जुने रुमाल मात्र बराच काळ जसेच्या तसे राहतात. मग ‘सुनेनं मला जेवायला घातलं नाही’ असे म्हातारी शेजारणीला सांगते, तेव्हा ती खोटे बोलत नसते. तिच्या दप्तरी ते जेवण जमाच झालेले नसते. याच आक्षेपाचे धार्मिक रूप म्हणजे पूर्वकर्म. गीतेतील स्मृतिभ्रंश क्रोधाच्या पोटी जन्मतो आणि तो विवेकाचा ऱ्हास आहे. मेंदूच्या रोगाला आपण तेच नाव दिले, आणि नावाबरोबर दोषही रोग्याच्या माथी आला. त्यापायी किती घरांतून वैद्याआधी उतारा उतरवला जातो, हे सांगण्याची गरज नाही.

तिसरा आक्षेप अधिक प्रतिष्ठित: हा पाश्चात्त्यांचा, शहरांचा, विभक्त कुटुंबांचा रोग, आमच्या खेड्यांत आणि एकत्र कुटुंबांत तो नव्हता. या पक्षाला अगदीच आधार नाही असे नव्हे. हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांतून झालेल्या संशोधनात, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अल्झायमरच्या नव्या रुग्णांचे प्रमाण फार अल्प आढळले होते. परंतु वर सांगितलेल्या देशव्यापी पाहणीचा कौल उलटा आहे: शहरांत शेकडा ५.३, तर ग्रामीण भागात ८.४, पुरुषांत ५.८, तर स्त्रियांत ९. अंगण, चूल आणि नातवंडे यांनीच जर हा रोग टळता, तर तो खेड्यातील आजीला सर्वाधिक का गाठतो? या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा अंश पाटीपेन्सिलीत आहे. लहानपणीचे शिक्षण मेंदूला जणू शिलकी गंगाजळी देते, आणि पुढे झीज झाली तरी तीवर बराच काळ गुजराण होते. याच बावड्यातील लक्ष्मी-विलास राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेल्या राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा म्हातारपणीच्या स्मृतीचा विचार त्यांच्या मनात असण्याचे कारण नव्हते. पण ज्यांच्या हाती पाटी आली त्यांच्या वार्धक्याचीही ती तरतूद होती, असे आज म्हणता येते. हैदराबादेत ६४८ रुग्णांचा अभ्यास होऊन २०१३ साली असेही दिसून आले, की दोन भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सुमारे साडेचार वर्षे उशिरा प्रकटला, आणि निरक्षरांतही हा फरक टिकला. मराठी आणि कानडी एका दमात बोलणाऱ्या आमच्या सीमाभागाने हे ध्यानी घ्यावे.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचे चौदा धोके मोजले, आणि ते सर्व आयुष्यभर आवरता आले, तर जगातील सुमारे शेकडा ४५ स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा हिशेब मांडला. त्या यादीत रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचा धूर, मद्य, खिन्नता, एकाकीपणा आणि दूषित हवा आहेतच. पण कानाचे यंत्र न लावल्याने वाढलेला बहिरेपणा, न काढलेला मोतीबिंदू, आणि हेल्मेट डोक्यावर घालण्याऐवजी आरशाला अडकवणाऱ्या आमच्या तरुणांच्या डोक्याला बसणारा मारही आहे.

चौथा आक्षेप निराशेचा: औषध नाही, मग डॉक्टर कशाला? मधुमेह तरी कोठे समूळ जातो? पण म्हणून कोणी साखर तपासायचे सोडत नाही. आजच्या गोळ्या लक्षणांना काही काळ आवर घालतात, रोग मागे फिरवीत नाहीत, हे मान्य. तथापि निदान लवकर झाले, तर रोग्याला स्वतःच्या जमिनीची, खात्याची आणि मृत्युपत्राची तजवीज स्वतःच्या शुद्धीत करता येते. पुष्कळांची समजूत अशी, की कुलमुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे झाले. परंतु करून देणाऱ्याची बुद्धी गेली, की १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे ते मुखत्यारपत्रही संपुष्टात येते, आणि मग मुलांना न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. अंगठा उठवून घेणारे हात कोणत्याही भावकीत असतात. निदानाची तारीख हे त्यांच्याविरुद्ध रोग्याचे संरक्षण आहे.

येथवर खंडन झाले. मंडनास त्या सुनेचेच एक वाक्य पुरेसे आहे. एकदा ती म्हणाली, ‘मामांच्या जागी रोज मी बदली माणूस लावते, माझ्या जागी कोण लावणार?’ आईबापांना आश्रमात ठेवणे पाप, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण त्या पुण्याचा सारा भार एका स्त्रीच्या झोपेवर पडतो, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. रात्री तीन वेळा उठून कडी तपासणे, सदऱ्याच्या खिशात नाव-पत्ता शिवणे, न्हाणीघराच्या दारावर चित्र लावणे, सांजेला ‘मला घरी जायचंय’ म्हणणाऱ्याला दिवा लावून टाळ हाती देणे: ही सेवा खरी, पण ते एक कौशल्यही आहे, ते शिकवावे लागते, आणि ते करणाऱ्याला सुटी द्यावी लागते. केरळात १९९२ साली या रोग्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी संस्था स्थापन झाली, ती याच जाणिवेतून.

माझी सूचना साधी आहे. कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम आहे, मंडळ आहे, त्याची खोली आहे, आणि दुपारी ती रिकामी असते. गणपतीच्या वर्गणीतला लहानसा हिस्सा काढून आठवड्यातून तीन दुपारी ती खोली अशा वृद्धांसाठी उघडावी. आशा कार्यकर्तीने महिन्यातून एकदा यावे. भजनी मंडळाने टाळ आणावेत. आणि मंडळाच्या पोरांनी गल्लीतले कोणते आबा वाट चुकतात, हे ओळखून ठेवावे. आबांना बंधाऱ्यावरून परत आणणारा मोटारसायकलवाला त्या दिवशी योगायोगाने भेटला; तो योगायोग व्यवस्थेत बदलणे, एवढेच मागणे आहे. त्या तीन दुपारी सून दोन तास निर्धास्त निजली, तर तिच्या प्रश्नाला बावड्याने उत्तर दिले, असे मी समजेन. आणि तोपर्यंत हे प्रकरण दप्तरदाखल करू नये, एवढी विनंती.