कॅचरची पारख

रविवारी सकाळी आपल्या वस्तीतल्या मैदानावर पोरांचा खेळ बघा. बॅटिंगला पाच जण धावतात, बॉलिंगला चार. ‘कीपिंग कोण करणार?’ म्हटले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. शेवटी जो सगळ्यांत लहान किंवा गरीब स्वभावाचा असेल त्याच्या गळ्यात ते काम पडते. अमेरिकेत बेसबॉलचे वेड आहे. त्या खेळातही अशीच एक जागा आहे. तिला कॅचर म्हणतात. आज गोष्ट आहे एका कॉलेजातल्या कॅचरची आणि त्याला पारखणाऱ्या माणसांची. आई-वडिलांनी जरूर वाचावी. त्यात एक प्रश्न असा येतो, जो आपल्याही घरात दहावी-बारावीच्या निकालानंतर येतो.

प्रथम खेळ थोडा समजून घेऊ. बॉल टाकणारा पिचर साठ फूट सहा इंचांवरून बॉल फेकतो. म्हणजे आपल्या बावीस यार्डांपेक्षाही साडेपाच फूट कमी. टप्पा नाही, बॉल सरळ येतो, ताशी नव्वद मैलांच्या वेगाने. फलंदाजाच्या मागे कॅचर उकिडवा बसलेला असतो. तोंडावर जाळी, छातीवर गादी, पायांना पॅड. या साहित्याला तिकडे थट्टेने ‘अडाण्याची अवजारे’ म्हणतात, कारण शहाणा माणूस हे अंगावर चढवणारच नाही! पण गंमत अशी की मैदानावर सगळ्यांत जास्त डोके त्यालाच चालवावे लागते. कोणत्या फलंदाजाला कोणता बॉल टाकायचा, हे तो पिचरला खुणेने सांगतो. सगळे मैदान समोर दिसते असा तो एकटाच. बाकीच्यांची तोंडे त्याच्याकडे असतात.

तिकडच्या मोठ्या लीगमध्ये मुले घेण्याची रीत वेगळी आहे. १९६५ पासून दरवर्षी ‘ड्राफ्ट’ होतो. संघ पाळीपाळीने एकेका मुलाचे नाव पुकारतात. ज्याने पुकारले त्याच्याशीच मुलाने बोलणी करायची. शाळा संपताच नाव पुकारले गेले तर सही करून पैसे घ्यावेत, नाहीतर कॉलेजात जावे. मात्र चार वर्षांच्या कॉलेजात गेलात की साधारणपणे तीन वर्षे पुन्हा ड्राफ्टचे नाव नाही.

फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्स गावचा चार्ल्स जॉन्सन हा काळा मुलगा १९८९ साली शाळेतून बाहेर पडला. माँट्रियल एक्स्पोज या संघाने त्याला पहिल्याच फेरीत, दहाव्या क्रमांकावर घेतले. सबंध देशातून दहावा! दारात चालून आलेली नोकरीच म्हणा ना. जॉन्सनने सही केली नाही. तो मायामी विद्यापीठात गेला.

बरोबर केले की चूक? आपल्याकडे पोराला कुठे चिकटण्याची संधी आली की सारा नातेवाईक-वर्ग गोळा होतो. ‘आलेली लक्ष्मी लाथाडू नये’ म्हणणारे काका असतात आणि ‘शिकू द्या हो त्याला’ म्हणणारी आईही असते. कॅचरच्या बाबतीत तर धोका दुप्पट. रोज शेकडो वेळा उठबस करून गुडघे झिजतात, बॉल लागून बोटे मोडतात. तीन वर्षांत शरीर बिघडले तर पुन्हा कोणी विचारणार नाही.

आता पारखणारे काय बघतात ते सांगतो. त्यांना स्काऊट म्हणतात. खांद्याला पिशवी, हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही, आणि गावोगावच्या मैदानांवर पाठीमागच्या बाकांवर बसणे, हा त्यांचा धंदा. बरेचसे जुने खेळाडूच असतात. पहिली परीक्षा हाताची. समोरच्या संघाचा गडी पहिल्या बेसवरून दुसऱ्यावर चोरून पळाला तर कॅचरने बसल्या जागेवरून उठून एकशे सत्तावीस फुटांवर बॉल फेकायचा. बॉल त्याच्या हातमोज्यात आपटल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या गड्याच्या हातात पडेपर्यंतचा वेळ स्काऊट मोजतो. दोन सेकंद लागले तर ठीक. एक पूर्णांक नऊ दशांश लागले तर स्काऊट मान वर करून बघतो. एका दशांश सेकंदावर मुलाचे नशीब फिरते. आणि यात नुसता हातच नव्हे, पायही बघावे लागतात. पाय चटकन जागेवर आले नाहीत तर बलदंड हाताचाही उपयोग नाही.

प्रत्येक गुणाला वीस ते ऐंशीपर्यंत गुण देतात. पन्नास म्हणजे मोठ्या लीगमधला साधारण खेळाडू. शाळेच्या पस्तीस टक्क्यांची सवय असलेल्यांना हे चमत्कारिक वाटेल. आज किती आणि चार-पाच वर्षांनी किती, असे दोन आकडे लिहायचे. दुसरा आकडा लिहिताना खरी कसोटी स्काऊटची.

बॅटिंगचे मोजमाप तर फारच फसवे. कॉलेजात ॲल्युमिनियमची बॅट, व्यावसायिक खेळात लाकडाची. धातूच्या बॅटीवर चुकीच्या जागी लागलेला बॉलही ‘टण्’ करून लांब जातो. लाकडी बॅट तिथे मोडते. त्यामुळे कॉलेजातले धावांचे आकडे स्काऊट अर्धेच खरे मानतात.

जमिनीवर आपटलेला बॉल मुलगा अंगावर घेतो की हात पुढे करून भागवतो, हेही बघतात. बॉल झेलताना हातमोजा इकडेतिकडे उडतो की शांत राहतो, हे बघतात. आता या झेलण्याचे मोजमाप कॅमेरे करतात. २०२६ च्या मोसमापासून तर अंपायरच्या बॉल-स्ट्राइकच्या निकालावर यंत्राकडे दाद मागण्याची सोय मोठ्या लीगमध्ये आली. १९९२ मध्ये यातले काही नव्हते. डोळा होता आणि वही होती.

आणि डोके? ते कोणत्या घड्याळाने मोजणार? कॉलेजात कोणता बॉल टाकायचा हे पुष्कळदा प्रशिक्षकच बाकावरून सांगतो. कॅचर फक्त खूण पुढे पोचवतो. मग स्काऊट इतर गोष्टी टिपत बसतो. पिचरने मार खाल्ल्यावर हा उठून त्याच्याजवळ जातो का? गेल्यावर पिचरचे खांदे खाली येतात का? हरत असताना याचा आवाज ऐकू येतो का? हा भाग स्काऊटच्या मनाच्या कौलावर सुटतो, आणि माणसाचे जुने समज नेमके तिथूनच आत शिरतात.

कारण या जागेचा इतिहास काळ्यांसाठी सरळ नाही. १९४७ पर्यंत मोठ्या लीगचे दार त्यांना बंदच होते. जॉश गिब्सन नावाचा अफाट कॅचर निग्रो लीगमध्ये खेळला आणि त्याच वर्षी जानेवारीत वारला. एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सनसाठी दार उघडले. पुढे रॉय कॅम्पनेला हा कॅचर आला आणि १९५१, १९५३ व १९५५ असा तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एल्स्टन हॉवर्डला १९६३ मध्ये तोच मान मिळाला. एवढे होऊनही १९७० साली लॉय आणि मॅकएल्वोग या दोन समाजशास्त्रज्ञांनी कोणत्या जागेवर कोण खेळतो हे तपासले, तेव्हा काळे खेळाडू बाहेरच्या मैदानावर दाटलेले आढळले. कॅचरसारख्या मधल्या, निर्णयाच्या जागांवर बहुतेक गोरे. पळायला आणि मारायला तुम्ही, विचार करायला आम्ही! कोणाच्या वाट्याला डोक्याचे काम आणि कोणाच्या वाट्याला अंगमेहनत, हे जन्माआधीच ठरवून ठेवण्याची रीत आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. तिथे पाटी कोणी लावली नव्हती. शाळेतच काळ्या कॅचरला ‘तुझे पाय चांगले आहेत, तू बाहेर जा’ म्हटले की काम झाले.

जॉन्सन कॅचरच राहिला. जून १९९२ मध्ये पुन्हा ड्राफ्ट आला. सहा फूट दोन इंच उंची, तोफेसारखा हात, तीन वर्षे मोठ्या विद्यापीठाचा अनुभव. तरी त्याच्याआधी सत्तावीस नावे पुकारली गेली. त्यात जेसन केंडल हा शाळकरी कॅचरही होता, तेविसावा. (तोही पुढे पंधरा मोसम खेळला, तेव्हा त्याला घेणारे काही मूर्ख नव्हते.) अठ्ठाविसावे नाव चार्ल्स जॉन्सनचे. पुकारणारा संघ फ्लोरिडा मार्लिन्स, त्याच्याच राज्यातला, अगदी नवाकोरा. नव्या संघांची पाळी सर्वांत शेवटी होती आणि त्यांचा पहिला सामना व्हायला अजून दहा महिने होते. त्या संघाने ड्राफ्टमध्ये पुकारलेले हे पहिलेच नाव.

दहावरून अठ्ठावीस. काकांनी नक्की म्हटले असते, ‘सांगितले होते ना!’

त्याच उन्हाळ्यात तो बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळला. संघ चौथा आला. १९९४ मध्ये मोठ्या लीगमध्ये पाऊल पडले. १९९५ ला, पहिल्याच पूर्ण मोसमात, उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह. नंतर १९९८ पर्यंत ओळीने दरवर्षी. १९९७ चा सबंध मोसम, शंभराहून अधिक सामने, त्याच्या नावावर एकही चूक नाही, आणि मार्लिन्सने वर्ल्ड सिरीज जिंकली. १९९६ मध्ये अल लायटरने आणि १९९७ मध्ये केव्हिन ब्राऊनने समोरच्या संघाला पूर्ण सामन्यात एकही हिट मारू दिला नाही. दोन्ही वेळा मागे जॉन्सन बसला होता. बॅटिंगबद्दल शंका घेणारेही साफ चुकले नाहीत. कारकिर्दीत १६७ होमरन झाले, पण सरासरी .२४५ वरच राहिली.

मे १९९८ मध्ये मार्लिन्सने त्यालाही विकले. एका मोठ्या अदलाबदलीत तो लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला आणि तिकडून माइक पियाझा आला. पियाझाही कॅचर, हात यथातथा पण बॅटिंग जबरदस्त. हा पियाझा १९८८ च्या ड्राफ्टमध्ये बासष्टाव्या फेरीत घेतला गेला होता. तेव्हा तो कॅचरही नव्हता. त्याचे वडील डॉजर्सचे मॅनेजर टॉमी लसॉर्डा यांचे मित्र, म्हणून शब्द टाकून नाव पुकारले गेले. आपल्याकडे त्याला वशिला म्हणतात. त्याआधी हा पियाझाही एक वर्ष मायामी विद्यापीठातच होता.