आठवणीची काठी

डोक्याला मार बसलेला मनुष्य रुग्णालयातून घरी येतो, चालू-बोलू लागतो आणि घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. खरी परीक्षा मात्र तो कामावर रुजू झाल्यावर सुरू होते. जुने हिशेब त्याला बिनचूक आठवतात. पण सकाळी साहेबांनी सांगितलेला निरोप दुपारपर्यंत विरून जातो. जखम दिसत नसल्यामुळे लोक त्याला आळशी ठरवितात.

आमच्या परिचयातील अशाच एका गृहस्थांना 'मन घट्ट करा, सारे आठवेल' असा उपदेश आम्ही केला होता. तो चुकीचा होता, हे कबूल केले पाहिजे. पाय अधू झालेल्याला आपण मनोबलावर चालावयास सांगत नाही; हाती काठी देतो.

आठवणीची अशी एक काठी कॅलिफोर्नियात एका पित्याने घडविली. अभियंते लॅरी ट्रेडगोल्ड यांच्या पुत्राच्या मेंदूला इजा झाली होती. मानसशास्त्रज्ञ नील हर्श यांच्यासह त्यांनी 'न्यूरोपेज' ही योजना सिद्ध केली. ठरल्या वेळी पेजर वाजे आणि करावयाचे काम त्यावर उमटे. इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन व सहकाऱ्यांनी १४३ व्यक्तींवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. चाचणी पूर्ण करणाऱ्यांपैकी शेकडा ८० हून अधिकांना पेजर जवळ असताना नित्याची कामे लक्षणीयरीत्या अधिक साधली.

पेजर मागे पडले. तेच काम आता खिशातला मोबाइल करतो. मात्र नुसती घंटा पुरत नाही. 'अकरा वाजता पत्रे टपालात टाकणे' असे शब्दही हवेत. निरोप मराठीत बोलून नोंदविता येतो. प्रारंभी एकच साधन घ्यावे आणि त्याचा सराव घरच्यांनी रोज करून घ्यावा. शिकताना चुकू देऊ नये. अशा स्मृतीत चूकच रुजते.

कायद्याचाही आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास सरकारी आस्थापनेने कमी करावयाचे नसते. पूर्वीचे पद झेपत नसल्यास त्याच वेतनश्रेणीचे दुसरे द्यावयाचे असते. तेव्हा घाईने राजीनामा लिहू नये.

आमच्या त्या परिचितांच्या मेजावर आता मोबाइल दिवसातून अनेकदा वाजतो. प्रारंभी सहकारी हसत. आता तो वाजला की तेही आपले राहिलेले काम आठवू लागतात.