रोगी कुठला, रोग कुठला?

आरोग्य हा डॉक्टरांचा विषय, आकडेमोड हा संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांचा आणि भाषा हा कला शाखेचा, अशी वाटणी आपण महाविद्यालयात पाऊल टाकल्याबरोबर करून मोकळे होतो. साथरोगशास्त्राची थोडी ओळख झाली की ही वाटणी किती फसवी आहे ते ध्यानात येते. मी विज्ञान शाखेच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे, वैद्यकाचा नाही. तरीही या शास्त्रातील एका साध्या प्रश्नाविषयी चार शब्द लिहावेत असे मला वाटले, कारण तो प्रश्न आपल्या खानापूर-बेळगाव भागातील माणसांच्या जिवाशी येऊन भिडला आहे.

साथरोगशास्त्राचे मूळ तीन प्रश्नांत आहे: रोग कोणाला झाला, कुठे झाला आणि केव्हा झाला? यांतला ‘कुठे’ हा प्रश्न दिसायला सर्वांत सोपा, पण तोच सर्वांत दगा देतो. रोगी जिथे राहतो तिथेच त्याला रोग झाला, असे आपण नकळत गृहीत धरतो. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याने शेकडो माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवले, ही कथा बहुतेकांनी वाचलेली असते. त्यातला एक तपशील मात्र मागे राहतो. त्याच दिवसांत दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई कॉलऱ्याने वारली. तिच्या वस्तीत कॉलरा नव्हता. चौकशीत निघाले की ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहत असे आणि तिथल्या पाण्याची चव तिला आवडे. म्हणून त्या पंपाचे पाणी बाटलीत भरून तिच्याकडे पोचवले जाई. ते पाणी पिऊन गेलेली तिची भाचीही इस्लिंग्टनला आपल्या घरी वारली. नुसते पत्ते पाहिले असते तर ही दोन मरणे स्नोंच्या म्हणण्याविरुद्ध पुरावा ठरली असती. विचारपूस केल्यामुळे तीच सर्वांत बळकट पुरावा ठरली.

आता लंडनहून आपल्या सह्याद्रीकडे येऊ. १९५७ च्या मार्च महिन्यात शिमोगा जिल्ह्यातील सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडत असल्याचे दिसून आले. त्याच सुमारास भोवतालच्या खेड्यांतील माणसे तीव्र तापाने आजारी पडत होती. माकडे मरतात आणि माणसांना ताप येतो, हे ऐकून जाणकारांच्या पोटात गोळा आला. कारण आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराची हीच खूण, आणि पीतज्वर भारतात कधीही नव्हता. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे लोक तिथे पोचले. आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ती हीच. त्यांना पीतज्वर सापडला नाही. सापडला तो एक नवाच विषाणू, जंगलातील गोचिडांच्या वाटे पसरणारा. जंगलाच्या नावावरून त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज असे नाव पडले. आपल्या मासिकाच्या कन्नड विभागातील मित्र त्याला ‘मंगन कायिले’ म्हणतील, आपण ‘माकडताप’ म्हणतो. दोन्ही नावांत आळ माकडावर आहे. वास्तविक बिचारे माकड आपल्यासारखेच या रोगाचे भक्ष्य आहे. आजारी माकडाचे रक्त प्यालेल्या गोचिडांना विषाणू मिळतो, आणि माकड मेले की ते गोचीड त्याच्या अंगावरून उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. लाकूडफाटा, पालापाचोळा गोळा करायला किंवा गुरे चारायला गेलेल्या माणसाला तेच चावतात. गोचीड चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी वाजून ताप चढतो, कपाळ व अंग विलक्षण दुखते, काहींना रक्तस्राव होतो. शंभरांतले तीन ते पाच रोगी दगावतात. या रोगावर हमखास असे औषध नाही. रोग्याची शुश्रूषा नीट व वेळेवर करणे हाच उपाय.

एक गोष्ट येथे विशेष ध्यानात ठेवावी. हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही. तेव्हा रोगी आज कोणत्या गावात, कोणत्या इस्पितळात पडून आहे यावरून रोगाच्या ठिकाणाचा पत्ता लागत नाही. तो गेल्या आठवड्यात कुठे बसला, कोणत्या झाडाखाली जेवला, यावरून लागतो. प्रतिबंधाचे सारे काम त्या जागेवर करायचे असते: मेलेल्या माकडाच्या जागेभोवती सुमारे पन्नास फुटांपर्यंत कीटकनाशक भुकटी टाकणे, आसपासच्या लोकांना सावध करणे, अंगाला लावायचे गोचीडरोधक तेल वाटणे. जागाच चुकली तर हे सारे श्रम भलत्या गावात खर्ची पडतात.

पुष्कळ वर्षे हा रोग शिमोगा आणि त्याच्या शेजारच्या मुलखापुरता आहे अशी समजूत होती. १९८२-८३ मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी तालुक्यात जंगल तोडून काजूची लागवड चालली असता मोठा उद्रेक झाला. दीड हजारांवर रोगी आणि सुमारे दीडशे मृत्यू अशी त्याची नोंद आहे. २०१२ नंतर तर रोगाचा नकाशाच बदलला. बंदीपूर, वायनाड, २०१५ साली गोव्याचा सत्तरी तालुका, २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग, अशी एकामागून एक नावे जोडली गेली. २०२४ मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्यात पुन्हा बळी गेले. आणि २०१६ साली गोव्यात काजूच्या बागांत कामाला गेलेल्या बेळगाव भागातील मजुरांना हा ताप झाल्याचे पुण्याच्या संस्थेतील संशोधकांनी लिहून ठेवले आहे.

ही शेवटची बाब वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. काजूचा हंगाम आला की आमच्या भागातून माणसे चोर्ला घाट उतरून सत्तरीत, तिलारीच्या वाटेने दोडामार्गात कामाला जातात. काजूच्या झाडाखाली वाळलेल्या पानांवर दिवसभर वावरायचे, बोंडे वेचायची, तिथेच भाकरी सोडायची आणि पुष्कळदा तिथेच निजायचे. ताप आला की मुकादम थांबवून घेत नाही. माणूस मिळेल त्या गाडीने गावी परततो. म्हणजे गोचीड चावला गोव्याच्या किंवा महाराष्ट्राच्या हद्दीत आणि केसपेपर निघाला कर्नाटकात. त्यावर पत्ता लिहिला जातो तो राहत्या गावाचा. कोणी विचारलेच तर उत्तर मिळते, “खाली गेलो होतो.” घाटावरच्या माणसाला ‘खाली’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही, पण दूरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या तरुण डॉक्टराला त्या एका शब्दात गोवा, कोकण, काजू आणि पाचोळा दडला आहे हे कसे कळावे?

माझे म्हणणे एवढेच आहे की, आपल्या भागातील प्रत्येक ताप-रोग्याच्या कागदावर राहत्या पत्त्याखाली आणखी एक रकाना असावा: ‘गेल्या पंधरा दिवसांत कामासाठी कुठे होता?’ आणि त्या रकान्यातील माहिती ज्या राज्यातले ते ठिकाण असेल तिथल्या आरोग्य खात्याकडे त्याच दिवशी पोचावी. सीमेचा जो वाद आहे तो मला येथे काढायचा नाही. त्याचे काय व्हायचे ते होवो, तोवर गोचीड थांबून राहणार नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, आता प्रयोगशाळा इतक्या पुढे गेल्या आहेत, मग ही विचारपूस कशाला? पुढे गेल्या आहेत हे खरे. एके काळी या विषाणूच्या निदानासाठी उंदरांच्या पिल्लांना रोग्याचे रक्त टोचून वाट पाहावी लागे. २०१२ च्या सुमारास पीसीआर पद्धती हाती आली आणि आजाराच्या पहिल्या दिवसांतच निदान होऊ लागले. परंतु पीसीआर रोग कोणता ते सांगते. तो कुठला, हे सांगत नाही. शिवाय डॉक्टराच्या मनात शंका आल्याशिवाय नमुना पुण्यापर्यंत जातच नाही, आणि ‘खाली गेलो होतो’चा अर्थ कळल्याशिवाय ती शंका येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भारतात माकडतापाचे रोगी वर्षाला साधारण चार-पाचशे धरले जातात. क्षयाने याच्या कितीतरी पट माणसे मरतात. मग एवढ्याशा रोगासाठी एवढा खटाटोप का? मला वाटते, हा आकडा पुढे करण्याआधी तो कसा बनला ते पाहिले पाहिजे. ज्या भागात रोग आहे असे ठाऊक आहे तिथेच तो शोधला जातो, आणि जिथे शोधला जातो तिथेच तो सापडतो. जुन्या लशीचे उदाहरण घ्या. जिथे रोगाचा माग लागला त्याच्या पाच किलोमीटर परिसरातील गावांना कर्नाटकात ही लस देत असत. २००५ ते २०१० या काळात टोचलेले आणि न टोचलेले यांच्यातील रोगाचे प्रमाण ताडून पाहिले, तेव्हा दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के आणि वर्धक मात्रा घेतल्यास सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळते असे दिसले. पुढे लशीच्या गुणाविषयी शंका वाढत गेल्या व २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. नव्या लशीचे काम चालू आहे. उद्या ती आली आणि पुन्हा गावाभोवती वर्तुळे काढूनच दिली, तर खानापूरचा मजूर कोणत्या वर्तुळात बसणार? त्याचे गाव रोगाच्या जागेपासून दूर, आणि बागेच्या गावात त्याचे नाव कोणत्याच यादीत नाही. लस कितीही गुणाची असो, यादीत नसलेल्या माणसाला तिचा उपयोग शून्य.

नव्या पद्धतींचेही तसेच आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका भारत-ब्रिटन संयुक्त अभ्यासात आरोग्य, पशुवैद्यक व वन खात्यांतील माणसांना बरोबर घेऊन पश्चिम घाटातील या रोगाचे धोक्याचे नकाशे तयार करण्यात आले. जंगल आणि बागायत जिथे एकमेकांत मिसळली आहे व देशी गुरे पुष्कळ आहेत, अशा जागी धोका अधिक असे त्यातून दिसले. ही पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण रोग व्हायच्या आधीच कुठे लक्ष ठेवावे ते ती सुचवते. परंतु असा नकाशा तयार होतो तो मागच्या रोग्यांच्या ठिकाणांवरून. त्या ठिकाणांच्या जागी घरचे पत्ते भरले, तर यंत्र निमूटपणे घरचाच नकाशा काढून देईल, आणि तो दिसायला तितकाच सुबक असेल.

तेव्हा मित्रहो, आपल्याला काय करता येईल? आपल्या महाविद्यालयात मराठी आणि कन्नड दोन्ही सहज बोलणारी, घरी कोकणी ऐकत वाढलेली शेकडो मुले-मुली आहेत. मोठमोठ्या संस्थांना पैसे मोजूनही अशी माणसे चटकन मिळत नाहीत. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दर वर्षी कुठल्या ना कुठल्या खेड्यात भरते. तिथे रस्ता झाडण्याबरोबर एक काम हाती घ्यावे: कोणत्या घरातील कोण, कोणत्या महिन्यात, कोणत्या गावच्या बागेत कामाला जाते याची यादी करावी आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व आशाताईंच्या हाती द्यावी. प्रश्नावली दोन्ही भाषांत तयार करायला भाषेचे प्राध्यापक आहेत, आकडे मांडायला संख्याशास्त्राचे, गोचीड ओळखायला शिकवायला प्राणिशास्त्राचे. कामाला निघालेल्यांना चार गोष्टी सांगाव्यात: अंगभर कपडे, उघड्या अंगाला तेल, संध्याकाळी अंग व कपडे तपासून गरम पाण्याने आंघोळ, आणि मेलेले माकड दिसले तर हात न लावता ताबडतोब वर्दी. एक पाचवीही सांगावी: ताप आला तर कुठे कामाला होतो, हे डॉक्टरांनी न विचारताही गावाच्या नावानिशी सांगायचे.

अशा यादीने रोग नाहीसा होणार नाही, हे मला मान्य आहे. पण काजूचा पुढला हंगाम सुरू होण्यापूर्वी ती करायला कोणाच्या मंजुरीची वा अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. प्राचार्यांनी आणि सेवा योजनेच्या अधिकाऱ्यांनी यंदाच्या शिबिरासाठी याचा विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे. पहिल्या चमूत माझे नाव घालावे.