बावीस अक्षरांची चिठ्ठी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. यावेळचा विषय जरा वेगळा आहे, पण नातेवाइकांपैकी जे हे वाचतात त्यांना तो कुठून आला ते लगेच कळेल. आपल्या घरातल्या एका तरुण मुलाला गेल्या वर्षी टीबी झाला. नाव लिहीत नाही, आणि लिहिण्याआधी त्याला विचारलंही आहे. "लिही आत्या, पण उपदेश नको करूस," म्हणाला. बघू जमतं का. शिक्षिकेची खोड आहे, सहज जात नाही.

त्याच्या आजारपणात फोनवर सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला. "पण त्याला कसा झाला?" सगळा जोर त्या 'त्याला'वर. चांगल्या घरातला, खाऊनपिऊन सुखी, म्हणजे काहीतरी चुकलं असणार. जागरणं, बाहेरचं खाणं, कुणाची तरी संगत. खरं सांगते, पहिल्या दिवशी तो प्रश्न माझ्याही मनात आला होता. शाळेत माझा विषय मराठी, पण विज्ञानाचे सर रजेवर गेले की आठवीचा तास माझ्याकडे यायचा. मी फळ्यावर लिहायचे, 'जंतू शिरला की रोग होतो', आणि त्याखाली स्वच्छतेच्या सवयी. समोरच्या पन्नास मुलांपैकी कुणाच्या घरी क्षयाचं माणूस असेल, असा विचार तेव्हा मनाला शिवला नाही.

फळ्यावरचं ते वाक्य अर्धवट होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातल्या सुमारे पाव लोकांच्या शरीरात क्षयाच्या जंतूने कधी ना कधी प्रवेश केलेला आहे. म्हणजे जगाच्या हिशोबाने बाराजणांच्या पंगतीत तिघे. त्यांतले आयुष्यभरात आजारी पडतात ते शंभरातले पाच ते दहा. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. मग या पाच-दहांचं काय होतं? हे मला माझ्या नातीने समजावलं. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकते आणि आजीला समजेपर्यंत सोडत नाही. (हा गुण माझ्याकडून गेला असावा!)

श्वासातून आत गेलेला जंतू फुप्फुसात पोचला की तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात. गिळून पचवणं हेच त्यांचं काम. क्षयाचा जंतू मात्र गिळला जातो आणि पुष्कळदा आतच बिऱ्हाड करतो. ते कसं, याचं एक उत्तर मायक्रोआरएनए नावाच्या इवल्याशा रेणूंमध्ये आहे. आपल्या जनुकांकडून पेशीच्या कारखान्याकडे निरोप जातात, अमुक प्रथिन बनवा, तमुक बनवा. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण बावीस अक्षरांची चिठ्ठी. ती त्या निरोपाला जाऊन चिकटते आणि म्हणते, हे काम थांबवा. शाळेत हेडमास्तरांची सूचना वर्गावर्गांतून फिरायची आणि मागाहून ऑफिसातून चिठ्ठी यायची, 'सदर सूचना रद्द समजावी', तसंच अगदी.

या चिठ्ठ्या आपल्या स्वतःच्या पेशीच लिहितात. क्षयाचा जंतू काय करतो, तर आपल्याच ऑफिसातून आपल्याच सहीशिक्क्याची चिठ्ठी काढून घेतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं की जंतू आत शिरल्यावर भक्षक पेशीत मायक्रोआरएनए-३३ नावाची चिठ्ठी वाढते. एरवी हिचं काम कोलेस्टेरॉल सांभाळण्याचं. ती वाढली की पेशीची आतला केरकचरा, त्यात जंतूही आले, पचवून टाकण्याची यंत्रणा मंदावते, आणि पेशीत चरबीचे थेंब साठतात. ती चरबी जंतूचं अन्न. दाराला कुलूप आणि वर शिधा! ज्या उंदरांच्या रक्तपेशींतून ही चिठ्ठीच काढून टाकली, त्यांच्यात जंतू कमी आढळले.

दुसरी चिठ्ठी लेट-७ कुटुंबातली. हिची गोष्ट मला फार आवडली. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना एक मिलिमीटर लांबीच्या किड्यात पहिला मायक्रोआरएनए सापडला. ही त्या किड्याचीच काहीतरी लहर असेल, असं समजून फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २००० साली लेट-७ सापडली, ती मात्र माणसातही निघाली, तेव्हा सगळे जागे झाले. दोघांना नोबेल मिळालं २०२४ साली. आणि मधल्या काळात, २०१५ साली, कोलकात्याच्या संशोधकांनी दाखवलं की क्षयाचा जंतू शिरला की भक्षक पेशीतली लेट-७ची एक चिठ्ठी कमी होते, आणि त्यामुळे पेशीची धोक्याची घंटा दाबून धरणारं एक प्रथिन वाढतं. 'किड्यामुंग्यांवर कसले पैसे खर्च करता' म्हणणाऱ्यांसाठी हा परिच्छेद मुद्दाम लांबवला आहे.

आता वर्तमानपत्रं पाहावीत तर टीबीवर नवं अस्त्र, रक्ताच्या थेंबावरून निदान वगैरे. मला हे घाईचं वाटतं. मायक्रोआरएनए-१५५ ही चिठ्ठी उंदरांमध्ये भक्षक पेशीत जंतूला आसरा टिकवून देते आणि दुसऱ्या प्रकारच्या लढाऊ पेशींत शरीराच्या बाजूने काम करते. एकच चिठ्ठी, दोन वर्गांत दोन अर्थ. ती सरसकट फाडून टाकायची कशी? आज माणूस बरा होतो तो सहा महिन्यांच्या नेमाने घेतलेल्या गोळ्यांनी. आपला मुलगा तसाच बरा झाला.

पण औषध हाती येण्याआधीही या ज्ञानाचा उपयोग आहे, असं माझं ठाम मत आहे. कुपोषण, मधुमेह, तंबाखू यांनी पारडं जंतूकडे झुकतं, ते खरंच, आणि झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना पोटभर सकस शिधा दिला तर घरात नवे रुग्ण बरेच कमी होतात, हे २०२३ साली सिद्धही झालं. पण यातलं काहीही नसताना जो आजारी पडतो, त्याच्या पेशीतला हा चिठ्ठ्यांचा व्यवहार त्याच्या चालचलणुकीवर चालत नाही. तिथे चूक शोधायला आपण कोण?

माझी मोठी काकू लहानपणी मी पाहिली ती मिरजेच्या सॅनिटोरियममधून बरी होऊन आलेली. तिची कपबशी वेगळी होती, कानाला निळा दोरा बांधलेली. क्षय कपबशीने पसरत नाही, हवेतून पसरतो. १९५९ सालीच मद्रासच्या अभ्यासाने दाखवलं होतं की घरी राहून औषध घेणारा रोगी सॅनिटोरियममधल्याइतकाच बरा होतो आणि त्यामुळे घरच्यांना जास्त लागणही होत नाही. आमच्या घरात ती बातमी पोचली नाही. दोरा काकू जाईपर्यंत तसाच राहिला. चहा झाला की ती कप स्वतः विसळून वेगळ्या फळीवर ठेवायची, कुणी सांगायची वाट न बघता.

आता या मुलाच्या लग्नाचं बघताहेत आणि 'ते' सांगायचं की नाही यावर घरात कुजबुज चालली आहे. मी म्हणते, सांगा. सर्दीखोकल्याइतक्या सहज नाही, पण टायफॉईडइतक्या सहज नक्की सांगा. झाला होता, औषध पूर्ण घेतलं, बरा झाला. तो स्वतः तर सांगायला तयारच आहे. घाबरलेत ते बाकीचे.

हे सगळं नातीला वाचून दाखवलं. तिला चिठ्ठीचा दाखला पसंत पडला, पण म्हणाली, "आजी, शिपाई राहिला की!" अर्गोनॉट नावाचं एक प्रथिन असतं, ते ही चिठ्ठी हातात धरून नेतं. त्याच्याशिवाय नुसती चिठ्ठी काही करू शकत नाही. आमच्या शाळेतही तसंच होतं म्हणा.