सवलतींचा हिशेब पूर्ण मांडा

अमेरिकेतल्या मराठी मंडळींत बेकायदा स्थलांतरितांचा विषय निघाला की एक तक्रार हमखास कानावर येते: आम्ही वर्षानुवर्षे ग्रीन कार्डच्या रांगेत उभे आहोत, कर भरतो आहोत, आणि हे लोक मागच्या दाराने येऊन सरकारी पैशावर जगतात. यातला पहिला भाग खरा आहे, त्यामागचा त्रासही खरा आहे. दुसरा भाग खोटा आहे. तो ठामपणे खोडून काढायला हवा, कारण निवडणुकीत मते मागितली जातात ती त्याच्याच जोरावर. शिवाय ‘हे लोक’ काही फक्त मेक्सिकोचे नाहीत. 5 फेब्रुवारी 2025 रोजी हातापायांत बेड्या घालून 104 भारतीयांना लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडले, त्यांत महाराष्ट्रातलेही तिघे होते.

आधी कायदा पाहू. 1996 साली बिल क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने बेकायदा राहणाऱ्यांना केंद्राच्या जवळजवळ सगळ्या कल्याणकारी योजनांतून बाहेर काढले. त्यांना फूड स्टॅम्प नाहीत, रोख मदत नाही, नेहमीचा मेडिकेड नाही. नव्याने ग्रीन कार्ड मिळालेल्यालासुद्धा बहुतेक योजनांसाठी पाच वर्षे थांबावे लागते. मग उरते काय? जिवावर बेतले तर इस्पितळात उपचार, मुलांना शाळा आणि शाळेतले जेवण, गरोदर बाया व लहान मुलांना पोषण आहार. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना जे मिळते ते नागरिक म्हणून मिळते. ते आईबापांच्या नावावर खर्ची टाकणे ही हिशेबातली लबाडी आहे.

आता जमेची बाजू. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमळ्यात बनावट सोशल सिक्युरिटी नंबरावर राबणाऱ्या मजुराची पगाराची चिठ्ठी पाहा. सोशल सिक्युरिटीचे 6.2 टक्के कापलेले, मेडिकेअरचे 1.45 टक्के कापलेले. नाव आणि नंबर जुळत नाही म्हणून सोशल सिक्युरिटी प्रशासन त्याच्या मजुरीची नोंद एका वेगळ्या फाइलीत टाकून ठेवते. पैसा फंडात जमा होतो, त्यातून इतरांची पेन्शन निघते, आणि या माणसाला म्हातारपणी त्यातला एक डॉलरही मागता येत नाही. इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे 2022 मध्ये अशा लोकांनी सगळे मिळून 96.7 अब्ज डॉलर कर भरला. त्यातले 25.7 अब्ज एकट्या सोशल सिक्युरिटीचे. आयते खाणारा माणूस असा असतो का?

यावर उत्तर येते की लोकांना या स्थलांतरितांवर खर्च नको आहे आणि लोकशाहीत लोकमत मोठे. कॅलिफोर्नियाने 1994 मध्ये हे मत मोजलेही. त्यांच्यासाठी शाळा, तातडीचे सोडून बाकी उपचार आणि सरकारी मदत बंद करणारा प्रस्ताव क्रमांक 187 सुमारे 59 टक्के मतांनी मंजूर झाला. पण तेव्हाची परिस्थिती आठवा. शीतयुद्ध संपल्यावर दक्षिण कॅलिफोर्नियातले विमान कारखाने माणसे कमी करत होते, मंदी होती, आणि गव्हर्नर पीट विल्सन यांच्या प्रचारात सीमेवरून मोटारींच्या गर्दीत धावत सुटलेल्या माणसांची चित्रे टीव्हीवर दाखवली जात होती. कारखाने त्या माणसांनी बंद पाडले नव्हते. प्रस्तावाचा बराचसा भाग न्यायालयाने अडवला आणि 1999 मध्ये तडजोड होऊन तो संपला. कर किती लावायचा हे बहुमताने जरूर ठरवावे, पण कोणी किती भरला हे मते मोजून ठरत नाही.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. कराचा मोठा वाटा वॉशिंग्टनला जातो आणि शाळा-दवाखान्यांचे बिल राज्यावर व काउंटीवर पडते. जानेवारी 2024 पासून कॅलिफोर्नियाने कागदपत्रे नसलेल्या सर्व वयाच्या गरिबांना मेडी-कॅल ही राज्याची आरोग्य योजना खुली केली. खर्च अंदाजाबाहेर गेला, आणि 2025 मध्ये त्याच सरकारला नव्या प्रौढांची नोंदणी थांबवण्याचा निर्णय घ्यावा लागला. ही अडचण खरी आहे. पण ती खर्चाच्या वाटणीची आहे.

मुलांना शाळेत घ्यायचे की नाही हा प्रश्न मात्र मी या वाटणीच्या वादात आणू देणार नाही. टेक्सासमधल्या टायलर गावच्या शाळांनी 1977 मध्ये कागदपत्रे नसलेल्या मुलांकडून वर्षाला 1,000 डॉलर मागितले. चार कुटुंबे न्यायालयात गेली. ओळख उघड होऊ नये म्हणून सुनावणी पहाटे सहाला ठेवली होती. तिथूनच हद्दपार करतील या भीतीने त्यांनी घरचे सामान मोटारीत भरून आणले होते. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. ज्यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो ते शाळाप्रमुख जेम्स प्लायलर यांनी पुढे उघडपणे सांगितले, की आपण हरलो हे बरेच झाले.

आज टेनेसीपासून टेक्सासपर्यंत हा निकाल उलटवण्याची भाषा चालू आहे. तिला विरोध करायलाच हवा. आणि राज्यांची तक्रार मिटवायची असेल, तर या मजुरांच्या करातला ठराविक हिस्सा वॉशिंग्टनने त्यांच्या काउंटींच्या शाळांना आणि सरकारी इस्पितळांना दरवर्षी परत द्यावा.