पाच वर्षांनंतर छतावर कोण चढणार?

रायपूरची पंडरी म्हणजे कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ. एकमेकांना खेटून उभी दुकाने, आत छतापर्यंत रचलेले तागे आणि मे महिन्यात पंचेचाळिशीकडे झेपावणारा पारा. अशा ठिकाणी वीजबिल वाचवण्यासाठी छतावर सौर संच बसवावासा वाटणे स्वाभाविक आहे, आणि तो बसवावाच. प्रश्न आहे तो संच जुना झाल्यावरचा. घरांच्या छतांवर असे संच बसवण्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ कोटी घरांचे उद्दिष्ट आहे. ३ किलोवॉटच्या संचाला केंद्र ७८ हजार रुपये अनुदान देते, छत्तीसगड सरकार त्यात ३० हजारांची भर घालते. बसवून देणाऱ्याने पाच वर्षे देखभाल करावी, अशी अटही आहे. पॅनेल मात्र पंचवीस वर्षे टिकतात. उरलेल्या वीस वर्षांत त्या छतावर कोण चढणार, याचे उत्तर योजनेत नाही. म्हणून ठरावीक मुदतीने सक्तीची तपासणी हवी आणि तिचा खर्च अनुदानातच धरायला हवा.

जुन्या संचाचा मोठा धोका आगीचा, आणि तिचे मूळ अनेकदा काचेच्या पॅनेलपेक्षा दोन वायरींच्या जोडात असते. पॅनेलखाली लोंबकळणारा, अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा तो जोड दिवसभर तापतो, रात्री निवतो, पावसाळ्यात भिजतो. त्याची पकड सैल झाली की तिथला विद्युतरोध वाढतो, जोड गरम होतो, प्लॅस्टिक मऊ पडते आणि एके दिवशी ठिणगी उडू लागते. घरातला वीजप्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे तिथली ठिणगी विझण्याची संधी असते. पॅनेलचा प्रवाह एकाच दिशेचा असतो, तो शून्यावर येत नाही, आणि ऊन असेपर्यंत ठिणगी पेटलेली राहू शकते. तिच्याखाली वाळका पालापाचोळा किंवा कबुतराचे घरटे असले की आगीला आणखी काही लागत नाही. शिवाय खालचा मेन स्विच बंद केला, तरी उन्हातल्या पॅनेलपासून निघालेल्या वायरीत वीज असतेच. पाइप घेऊन छतावर जाणाऱ्या अग्निशमन जवानाला हे आधी कळायला हवे.

सक्तीच्या तपासणीवर पहिला आक्षेप असा की, अशी भीती घातली तर लोक सौरऊर्जेपासून दूर जातील. आकडे भीती घालणारे नाहीतच. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने तिथल्या सुमारे १३ लाख संचांच्या वीस वर्षांचा हिशेब मांडला. सौर संचाशी संबंध आलेल्या आगी सुमारे ३५० निघाल्या, त्यांतल्या १२० संचामुळे लागलेल्या, आणि इमारत पूर्ण जळाल्याच्या घटना दहा. धोका लहान आहे, पण निगा राखली तरच तो लहान राहतो. २०१९ मध्ये अमेरिकेत वॉलमार्टने सात दुकानांच्या छतांवर लागलेल्या आगींवरून टेस्लावर दावा लावला. निकृष्ट जोडणी आणि हलगर्जी देखभाल असे त्यातले आरोप होते. पुढे तडजोड झाली. ऑस्ट्रेलियाचा धडा तर जास्त बोलका आहे. सुरक्षेसाठी छतावर सक्तीचा केलेला, पॅनेलची वीज तोडणारा आयसोलेटर स्विचच पाणी शिरून पेटू लागला, आणि २०२१ च्या नव्या मानकात ती सक्ती काढून टाकावी लागली. एखादे उपकरण बसवून सुरक्षितता कायमची विकत घेता येत नाही, ते उपकरणही म्हातारे होतेच.

दुसरा आक्षेप इन्स्पेक्टर राजचा, आणि तो खरोखर वजनदार आहे. तपासणीचा कागद चिरीमिरीवर मिळू लागला, तर तपासणी नसलेली बरी. पण तपासणी सरकारी इन्स्पेक्टरनेच करायला हवी असे नाही. महाराष्ट्रात २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र मालकाने जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे असते. अंमलबजावणी ढिली आहे हे खरे, पण चौकट तयार आहे. सौर संचासाठी दर दोन-तीन वर्षांनी एक तपासणी त्यात बसवणे अवघड नाही. आणि लांबच्या गावी माणूस कोण पाठवणार, असे विचारणाऱ्यांना छत्तीसगडच उत्तर देते. तिथल्या 'क्रेडा' या सरकारी संस्थेने २०१२ ते २०१६ या काळात शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांवर २-२ किलोवॉटचे संच बसवले, आणि गावपातळीवरच्या तंत्रज्ञांपासून वरपर्यंत देखभालीची साखळीही उभी केली. बस्तरच्या जंगलात जे जमते, ते पंडरीत आणि पुण्यात का जमू नये?

पवनचक्क्यांचे दुखणे वेगळे, पण मूळ तेच, वाढते वय. साताऱ्याजवळच्या वनकुसवडे पठारावरच्या पहिल्या चक्क्यांना सुमारे पंचवीस वर्षे झाली, म्हणजे त्यांचे ठरलेले आयुष्य सरले. मनोऱ्यावरच्या खोक्यात गिअरचे तेल, शेजारी तापणारे ब्रेक आणि जुन्या केबल. पेटले तर अग्निशमनाची शिडी तिथवर पोचत नाही, परिसर रिकामा करून वाट पाहणे एवढेच हातात उरते, आणि खाली उन्हाळ्यात वाळलेले गवत असते. केंद्राने २०२३ मध्ये जुन्या चक्क्या बदलण्याचे आणि त्यांचे आयुष्य वाढवण्याचे धोरण आणले. आयुष्य वाढवून देताना अग्निसुरक्षेची स्वतंत्र तपासणी ही त्यातली न टळणारी अट असली पाहिजे.

सरकार जागे होईपर्यंत थांबू नका. तुमच्या छतावरचा संच पाच वर्षांहून जुना असेल, तर उन्हाळ्याआधी जाणकार तंत्रज्ञाकडून जोड, आयसोलेटर आणि इन्व्हर्टर तपासून घ्या, पॅनेलखालचा पाचोळा काढायला सांगा, आणि छतावर सौर संच आहे अशी ठळक पाटी मीटरजवळ लावा. जोडाला स्वतः हात मात्र लावू नका.