आधी वही तपासा, मग माणूस



विजयदुर्गात किल्ल्याच्या वाटेवर आपल्यापैकी एखाद्या कुटुंबाने कोकम सरबत, आंबापोळी आणि काजूगर यांचे छोटे दुकान थाटले आहे असे समजू. सकाळी धाकटा मुलगा बसतो, दुपारी थोरली सून, आणि बागेतली कामे आटोपली की संध्याकाळी आबा. दिवेलागणीला गल्ला मोजला. वहीप्रमाणे ३,७२५ रुपये हवेत, हाती आले ३,६८०. पंचेचाळीस रुपये कमी!

रक्कम लहान. पण "दुपारी कोण बसलं होतं?" एवढा एक प्रश्न निघतो आणि घरभर जेवणाची चव जाते. मग कोणी शहाणा गुपचूप आपल्या खिशातले ४५ रुपये गल्ल्यात टाकतो. वाद मिटतो, पण चूक मिटत नाही, ती झाकली जाते. आणि सुनेच्या मनात बसलेला सल तर कोणत्याच वहीत दिसत नाही.

तेव्हा आधी वही तपासावी. ती कशी, ते पाहा.

पहिले म्हणजे पैसे दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्या. एकमेकींना चिकटलेल्या नोटा एकाच्या नजरेतून सुटतात.

दुसरे, फोनवरून आलेले पैसे रोखीत लिहिले गेले का ते बघा. ते बँकेत जमा होतात, गल्ल्यात येत नाहीत. त्यांचा रकाना वेगळा हवा.

तिसरे, फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो का ते पाहा. जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो. पिशव्यांना ९४ रुपये दिले आणि वहीत ४९ लिहिले, की नेमके ४५ कमी पडतात.

चौथे, फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद शोधा. खर्च चुकून जमेला लिहिला तर फरक दुप्पट पडतो.

पाचवे, घरखर्चाला केलेली हातउचल आठवा. चहापूड आणायला गल्ल्यातून दिलेल्या नोटेची नोंद बहुधा राहून जाते.

आणि सुटे पैसे! २५ पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. ५० पैशांचे नाणे कायद्याने चालते, पण हातात फारसे येत नाही. मग कधी रुपया सोडला जातो, कधी सुट्ट्याऐवजी गोळी दिली जाते. म्हणून ठरलेली किंमत लिहू नका, प्रत्यक्ष हाती आली तीच रक्कम लिहा.

एवढे करूनही चूक सापडली नाही, तर त्याच रात्री रोजकीर्दीत स्वच्छ लिहा, "रोख कमी, ४५ रुपये." दुसऱ्या दिवसाची सुरुवात ३,६८० पासून करा. पैसे जास्त भरले तर "रोख जास्त" असे लिहा. तो नफा समजून खिशात घालू नका, ते एखाद्या गिऱ्हाइकाचे राहिलेले सुटे असतील. वर्षअखेर कमी पडलेली रक्कम खर्चात आणि जास्तीची उत्पन्नात धरावी.

हे फरक एका पानावर ओळीने उतरवत चला. कधी कमी, कधी जास्त असे दिसले, तर ती घाईगडबडीतली चूक. सतत कमीच आणि तेही ठरावीक वेळी पडत असेल, तर मात्र त्या माणसाशी एकांतात, आवाज न चढवता बोला. चारचौघांत कधीही नको.

कीर्तनात ऐकलेली एकनाथ महाराजांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे नाथ हिशेब लिहीत असत. एकदा एका पैची चूक लागेना. पै म्हणजे जुन्या रुपयाचा १९२ वा भाग. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, आणि चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामींनी त्यातून ईश्वरभक्तीचा धडा दिला. आपण संसारी माणसांनी आणखी एक गोष्ट घ्यावी. नाथांनी रात्रभर वही चाळली, बोट कोणाकडे दाखवले नाही.

आज रात्री गल्ला मोजाल तेव्हा वही मध्ये ठेवा आणि सगळ्यांनी मिळून बसा. सूनबाईलाही बोलवा.